सेमीची चांगली शाळा कोणती? खानदेशात नव्याने आलेल्या पालकांसाठी

उन्हाळा लागला की बदलीच्या ऑर्डरी निघतात आणि जळगाव, भुसावळ, धुळ्यात नवी कुटुंबं उतरायला लागतात. कोणी रेल्वेतलं, कोणी दीपनगरच्या वीजकेंद्रातलं, कोणी बँकेतलं, कोणी एमआयडीसीत लागलेलं. घर मिळालं, गॅस लागला, नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: इथं सेमीची चांगली शाळा कोणती? (सेमी म्हणजे सेमी-इंग्रजी: काही विषय मराठीत, काही इंग्रजीत.) उत्तरही ठरलेलं असतं. शेजारच्या काकू, किराणा दुकानदार, ऑफिसातले जुने लोक, सगळे तीच दोन-तीन नावं एका दमात सांगतात.

ती नावं खोटी नसतात, पण जुनी असतात. सरकारी शाळेचं नाव बहुतेक वेळा एक-दोन शिक्षकांनी पाच-सात वर्षं राबून केलेलं असतं. ते गावभर पसरेपर्यंत त्यांतला एक निवृत्त झालेला असतो आणि दुसरा बदली होऊन चोपड्याला नाहीतर साक्रीला गेलेला असतो. इकडे शाळेच्या नावावर प्रवेश चालूच. म्हणून दोन शाळांची तुलना करायची तर आधी एकच शोधायचं: लोक जे नाव घेतात ते कोणत्या सालातलं आहे? पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी शाळा कोणाची आणि सेमी किती

गावात सरकारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळांचे मालक वेगवेगळे असतात. खेड्यांत आणि शहराच्या कडेला जिल्हा परिषदेच्या शाळा. जळगाव आणि धुळ्यात महापालिकेच्या, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार अशा ठिकाणी नगरपालिकेच्या. शिवाय अनुदानित शाळा: इमारत आणि कारभार संस्थेचा, पगार शासनाचा. आदिवासी पट्ट्यात आश्रमशाळा आहेत, त्या आदिवासी विकास विभागाकडे. भुसावळ आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत केंद्रीय विद्यालयं आहेत, पण ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आधी आणि तिथला कारभार हिंदी-इंग्रजीतला. जळगाव, भुसावळ, धुळ्यात उर्दू शाळाही पुष्कळ आहेत. उर्दू शाळेत सेमी आहे म्हणाले, तर पुढचे सगळे प्रश्न तिथेही तसेच विचारा.

मालक कोण, हे का बघायचं? कारण त्यावर नाव किती टिकतं ते ठरतं. जिल्हा परिषदेचा शिक्षक जिल्हाभर फिरतो. महापालिकेचा शहरातल्या शहरात फिरतो. अनुदानित शाळेतला शिक्षक संस्थेच्याच दोन-चार शाळांत राहतो, बऱ्याचदा निवृत्तीपर्यंत एकाच इमारतीत. त्यामुळे अनुदानित शाळेचं चांगलं नाव जास्त वर्षं खरं राहतं. वाईट नावही तितकीच वर्षं खरं राहतं, हे मात्र लोक सांगत नाहीत.

मग सेमी. भाषा आणि परिसर अभ्यास मराठीत, गणित इंग्रजीत आणि वरच्या वर्गांत विज्ञानही इंग्रजीत, असा साधारण साचा. पण कुठे हे पहिलीपासून सुरू होतं, कुठे पाचवीपासून, कुठे सहावीपासून. कुठे सगळ्या तुकड्या सेमी, कुठे फक्त 'अ' तुकडी. शाळेत फोन लावून किंवा गेटवर उभं राहून एवढं विचारा: कोणत्या इयत्तेपासून, कोणते विषय, किती तुकड्या आणि गणिताचं पुस्तक कोणतं वापरता. शेवटच्या प्रश्नाला अडखळले तर सेमी नावापुरतीच आहे, हे समजून घ्या. "आमच्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे हो" हे उत्तर ऐकून खूश होऊ नका. राज्यातल्या सगळ्याच मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी हा विषय आहे. त्याचा सेमीशी संबंध नाही.

(पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली का, असं बाहेरून आलेले पालक अजून विचारतात. त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय २०२५ च्या जूनअखेरीस मागे घेतले गेले.)

कोणाला काय विचारायचं

"शाळा कशी आहे?" हा प्रश्न कोणालाच विचारू नका. त्याचं उत्तर "चांगली आहे" हेच येतं आणि त्यातून काही हाती लागत नाही. प्रत्येकाला त्याला जे दिसतं तेवढंच विचारायचं.

शाळेच्या रिक्षावाल्या काकांपासून सुरुवात करा. चार शाळांच्या गेटवर ते रोज दोनदा उभे असतात. कोणत्या शाळेतले सर वेळेवर येतात, कुठे साडेदहापर्यंत गेट उघडत नाही, कुठली शाळा कोणाच्या लग्नासाठी लवकर सुटते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. त्यांना विचारायचं, "भाऊ, यंदा तुमच्या रिक्षातली पोरं कोणत्या शाळेतून निघून कोणत्या शाळेत गेली?" नाव कुठून कुठे सरकतंय, ते या एका उत्तरात येतं.

अंगणवाडीच्या ताई दुसऱ्या. त्यांच्याकडची मुलं पहिलीत जातात आणि त्यांच्या आया संध्याकाळी त्याच ओट्यावर बसून सगळं सांगतात. २०२२ पासून शाळांमध्ये 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारी मेळावे होतात, त्यांतही या ताई असतात. कोणत्या शाळेतल्या बाई मेळाव्यात मुलांशी खाली बसून बोलतात आणि कोणत्या फोटो काढून निघतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

खासगी क्लासवाल्याला शाळेचं मत विचारू नका, त्याचा धंदा त्यावर चालतो. त्याला एवढंच विचारा: "या शाळेतून आलेली पोरं कशात कच्ची असतात?" एकाने "इंग्रजी वाचतात पण गणिताचं उदाहरण समजत नाही" सांगितलं आणि दुसऱ्या क्लासमध्येही तेच ऐकलं, तर ती बातमी पक्की.

आणि शेवटी शाळेतले सध्याचे पालक. यात एक भेद ठेवा. ज्यांचं मूल चौथी-पाचवीत आहे त्या आई जुन्या नावाच्या साक्षीदार असतात. त्यांच्या मुलाला पहिलीला ज्या बाई होत्या त्या आज असतीलच असं नाही. तुम्हाला दुसरीतल्या मुलाची आई हवी. अहिराणी बोलणारी एखादी आई दोन वाक्यांत जे सांगून जाते ते दहा माहितीपत्रकांत नसतं. "सर चांगला शेतस, पोरसले जीव लावतस" (सर चांगले आहेत, पोरांना जीव लावतात) असं ती म्हणाली तर लगेच विचारा, कोणते सर, आणि यंदा ते कोणता वर्ग घेणार?

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कॉलनी ग्रुपवर विचारलं तर आठ-दहा उत्तरं येतील. त्यांतल्या कितींची मुलं त्या शाळेत आहेत ते बघा. बहुतेकांची इंग्लिश मीडियमला असतात आणि मत मात्र जिल्हा परिषदेवर असतं.

यूडायसवर अर्धा तास

देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव किंवा हा क्रमांक टाकला की त्या शाळेचा पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं अशी माहिती निघते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, म्हणून संगणक आणि ग्रंथालयाच्या रकान्यांवर फार विसंबू नका. एक बंद पडलेला संगणकही 'आहे' असाच भरला जातो. पट आणि शिक्षकसंख्या मात्र कामाची, कारण शिक्षकांची पदं पटावर ठरतात आणि तिथे तपासणी होते.

आधी इयत्तावार पट बघा. पहिलीत ४० आणि चौथीत १८ असेल तर मधली मुलं कुठे गेली? कधी उत्तर शाळेच्या विरुद्ध जातं: लोक मुलं काढून घेताहेत. कधी बाजूने जातं: शाळा दोन वर्षांपूर्वी सुधारली आणि आता खालून भरत चालली आहे. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की कळतं. मला विचाराल तर खालून भरत आलेली शाळा ही तुलनेत सापडणारी सगळ्यात चांगली गोष्ट. तिचं नाव अजून काकूंपर्यंत पोचलेलं नसतं, त्यामुळे प्रवेशालाही गर्दी नसते.

मग शिक्षक. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्यात पहिली ते पाचवीसाठी हिशेब दिला आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. म्हणजे ५५ मुलांच्या शाळेत कायद्याप्रमाणेच दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. एका खोलीत दोन वर्ग बसणार. हे वाईटच असं नाही, काही बाई जोडवर्ग फार छान चालवतात. पण सेमी असेल तर विचारायला हवं, की पहिली-दुसरी एकत्र बसवून दोघांना इंग्रजीत गणित कसं शिकवता? ज्याला खरंच शिकवावं लागतं तो शिक्षक या प्रश्नावर हसतो आणि मग दहा मिनिटं सांगत बसतो.

फ्लेक्सवरची नावं

जूनमध्ये चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. शिष्यवृत्तीत इतके, नवोदयला इतके, खाली मुलांचे पासपोर्ट फोटो आणि वर संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा फोटो. हे यश खोटं नसतं. फक्त मुख्याध्यापकांना तीन आकडे विचारा: वर्गात किती मुलं होती, परीक्षेला किती बसवली, पात्र किती झाली. निवडक आठ मुलं बसवून सहा पात्र केलेली शाळा आणि सगळी तीस बसवून अकरा पात्र केलेली शाळा, या दोघींत मी दुसरीकडे जाईन, फ्लेक्स पहिलीचा मोठा असला तरी. नवोदयचं तर सोडूनच द्या. जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात सहावीला साधारण ८० जागा असतात आणि त्यावर अख्ख्या जिल्ह्याची मुलं बसतात. एखादं मूल लागलं किंवा नाही लागलं, त्यावरून शाळेचं काही कळत नाही, मुलाच्या क्लासचं कळलं तर कळेल.

'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेतलं बक्षीस, रंगवलेल्या भिंती, बोलक्या ओसरीवर काढलेली सूर्यमाला, हे पाहून बरं वाटतं. गावाने शाळेत लक्ष घातलंय एवढं त्यातून कळतं आणि तेही कमी नाही. पण भिंत वाचता येणाऱ्या मुलांचा पत्ता त्यात नसतो.

मुलांना किती वाचता-मोजता येतं हे पाहणारा 'असर'चा अहवाल किंवा केंद्र सरकारचं परख सर्वेक्षण कोणी दाखवलं तर लक्षात ठेवा, ते नमुना घेऊन जिल्ह्याचं चित्र सांगतात. तुमच्या गल्लीतल्या शाळेचा निकाल त्यात नाही. शाळेपुरतं काही हवं असेल तर मुलांची पॅट, म्हणजे ठरावीक काळाने घेतली जाणारी मूल्यांकन चाचणी होते, भाषा, गणित आणि इंग्रजीची. तिचे गुण शाळेत असतात. मुलांची नावं झाकून वर्गाचा कागद दाखवा म्हटलं तर मोकळ्या मनाचे मुख्याध्यापक दाखवतात. मराठीत बरे आणि गणितात अचानक खाली, असं दिसलं तर सेमीचं गणित मुलांना भाषेपाशी अडवतंय, हा पहिला संशय.

प्रत्यक्ष जाऊन बघताना

यात घाई करू नका, बाकी सगळ्यात केलीत तरी चालेल.

कधी जायचं? शाळा उघडण्याच्या दिवशी नको, तेव्हा प्रवेशोत्सव असतो, फुगे आणि औक्षण. १५ ऑगस्टलाही नको. साधा मंगळवार-बुधवार बघा. खानदेशात मार्चपासून शाळा सकाळची भरते, भुसावळकडे ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातं, त्यामुळे त्या दिवसांत सात-साडेसातला पोचा. आधी मुख्याध्यापकांना भेटा, बदली होऊन आलोय, मुलाचा प्रवेश घ्यायचाय, एखादा वर्ग बघू का, असं सरळ विचारा. "साहेबांची परवानगी लागेल" असं उत्तर आलं तर भांडू नका, पण मनात नोंद करा.

ऑफिसबाहेर फळ्यावर पट आणि हजेरी लिहिलेली असते. ती वाचा, आणि खिचडीची वेळ झाली असेल तर रांगेकडेही नजर टाका. दोन आकडे जवळपास जुळायला हवेत. जानेवारीचा हजेरीपट दाखवाल का, असंही विचारून बघा. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते, मग ऊसतोडीची टोळी निघते. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातून, चाळीसगावच्या तांड्यांवरून अख्खी कुटुंबं जातात. जुलैची हजेरी सगळीकडेच चांगली असते. जानेवारीत कमी झालेली मुलं कुठे गेली, त्यांच्यासाठी काय केलं, हे ज्या शाळेला तोंडपाठ असतं ती शाळा तुमच्या मुलाकडेही बघेल.

वर्ग बघायचा तो दुसरीचा. पहिलीला सगळी मुलं गोड असतात, पाचवीला जुन्या शिक्षकांची पुण्याई असते. दुसरीत आजची शाळा दिसते.

वह्या मागा. एक नको, तीन. खिडकीजवळच्या मुलाची, मधल्या रांगेतली आणि दाराजवळची. एका शाळेत मी अशा तीन वह्या शेजारी ठेवल्या, तिन्हींत 'माय मदर'वर पाच वाक्यं होती. अक्षर सुंदर, खाली लाल शाईत 'व्हेरी गुड'. तिन्ही मुलांची आई 'टीचर' होती आणि तिन्ही आया 'डिलिशस पुलाव' करत होत्या. शाळा कापूस वेचायला जाणाऱ्या वस्तीतली. सगळं फळ्यावरून उतरवलेलं, त्या मुलांना आपण आईबद्दल काय लिहिलंय ते सांगताही आलं नाही. दुसऱ्या एका शाळेत, तिचं नाव कोणी घेतही नव्हतं, एका मुलीच्या वहीत वाकड्या अक्षरात होतं: 'माय गोट इज ब्लॅक. शी इट कॉटन.' बाईंनी 'इट'ला फक्त एक एस जोडला होता आणि समासात मराठीत विचारलं होतं, "मग बाबा रागावले का?" माझ्या लेखी त्या एका पानावर तुलना संपली.

गणिताच्या पुस्तकातलं एखादं शाब्दिक उदाहरण उघडा, तिसरीचं असेल तर उत्तम. रवीकडे ४२ केळी होती, १८ विकली, अशा धर्तीचं, छापलेलं इंग्रजीत. मुलाला वाचायला लावा आणि मग विचारा, "यात काय विचारलंय, तुझ्या भाषेत सांग." घरच्या बोलीत सांगितलं तरी चालेल. सांगता आलं तर सेमी चालू आहे. वाचून झाल्या झाल्या ४२ आणि १८ ची बेरीज करून मोकळा झाला, तर तो आकडे वाचतोय, उदाहरण नाही. एका मुलावरून ठरवू नका, चार-पाच जणांना विचारा.

आता भाषेचा मुद्दा, जो बाहेरून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. इथल्या पुष्कळ मुलांच्या घरी पुस्तकातली मराठी बोलत नाहीत. धुळे, अमळनेर, पारोळ्याकडे अहिराणी. रावेर, यावल, भुसावळ पट्ट्यात लेवा बोली. शहाद्याकडे गुजरी, नवापूरला मावची, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिली. म्हणजे सेमीत बसलेलं मूल दोन नवीन भाषा एकदम शिकत असतं. चांगला शिक्षक हे जाणून असतो. चित्र दाखवून "हे काय आहे?" विचारलं आणि मूल म्हणालं "हाई बकरी शे", तर पुढे काय होतं ते कान देऊन ऐका. "बरोबर! ही बकरी आहे. इंग्रजीत काय म्हणतात?" असं म्हणत जो पुढे जातो त्याच्या वर्गात मुलं तोंड उघडतात. "नीट बोल" म्हणून जो थांबवतो त्याच्या वर्गात दिवाळीनंतर फक्त समोरच्या बाकावरची दोन मुलं उत्तर देतात. तुमचं मूल बाहेरून आलेलं, घरी हिंदी, तेलुगू किंवा वऱ्हाडी बोलणारं असेल तर हीच गोष्ट त्याच्याही वाट्याला येणार आहे. धडगावसारख्या ठिकाणी बदली झाली असेल तर पहिलीला पावरी येणारे गुरुजी आहेत का, हा सेमीच्या आधीचा प्रश्न आहे.

स्वच्छतागृहाचं दार लागतं का, आत पाणी आहे का, प्यायचं पाणी सावलीत आहे का, एवढं निघताना बघून घ्या. मुलगी असेल तर बघाच.

बदली कोणाची होणार

मुख्याध्यापकांशी बोलताना शेवटी हळूच विचारा: यंदा पहिली कोणाकडे आहे आणि त्या बाई इथे किती वर्षांपासून आहेत? जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन होतात. २०२१ च्या धोरणात सर्वसाधारण (म्हणजे अवघड न ठरवलेल्या) क्षेत्रात सलग दहा वर्षं आणि सध्याच्या शाळेत पाच वर्षं झालेला शिक्षक बदलीपात्र धरला होता. म्हणजे ज्या बाईंमुळे तुम्ही ही शाळा निवडताय त्यांना इथे सहा वर्षं झाली असतील, तर तुमचं मूल दुसरीत जाईपर्यंत त्या असतील याची खात्री नाही. उलट गेल्याच वर्षी आलेले, आधीच्या शाळेत नाव कमावलेले सर असतील, तर त्या जुन्या गावात एक फोन लावा. नाव शिक्षकाबरोबर आलेलं असतं, नवीन गावाला ते अजून कळलेलं नसतं.

त्याला जोडून: सेमी कोणी सुरू केली? एकट्या सरांच्या हौसेवर चालू असेल तर ते गेले की इंग्रजी पुस्तकं कपाटात आणि शिकवणं मराठीत, असं होतं. कागदावर सेमी राहते. शाळेतल्या दोघा-तिघांना ती शिकवता येत असेल तर काळजी नाही.

समितीतला माणूस गाठा

कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. सरकारी शाळेत तिच्यात ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असायला हव्यात. समितीतल्या एखाद्या ताईला विचारा, मागच्या बैठकीत कशावर बोलणं झालं? "सह्या केल्या" एवढंच सांगता आलं तर समिती वहीतच आहे. "खिचडीच्या डाळीवरून वाद झाला" किंवा "पाचवीचा वर्ग जोडायचा ठराव घेतला" असं आलं तर लोक भांडतात, म्हणजे शाळा जिवंत आहे. वर्गणीचंही तिथेच कळतं. डिजिटल बोर्डासाठी, रंगासाठी गावोगाव लोकसहभाग घेतात, त्यात गैर नाही. प्रवेशासाठी म्हणून देणगी मागितली तर मात्र ते बेकायदा आहे, कायद्यात त्याला आकारलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवणंही चालत नाही.

दोन शाळा उरल्या की

गुणांचा तक्ता करत बसू नका. इमारत आठ, इंग्रजी सात, अंतर पाच अशी बेरीज केली की नेहमी दिखाऊ शाळा पुढे जाते. काही गोष्टी एकट्याच निर्णय फिरवतात. पहिलीचा शिक्षक मारतो किंवा मुलं त्याला बघून गप्प होतात, तिथे थांबा. दुसरीतल्या निम्म्या मुलांना मराठी सलग वाचता येत नाही, तिथे इंग्रजी गणिताचा उपयोग नाही. उरलेल्या दोन्ही शाळा यात बसत असतील तर जवळची घ्या. एप्रिलच्या उन्हात साडेअकराला चालत येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी दीड किलोमीटर फार असतं. कायद्याच्या नियमांतही पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असंच धरलं आहे.

एक गोष्ट आत्ताच बघून ठेवा: ही शाळा चौथीला संपते, पाचवीला की सातवीला? आणि पुढच्या हायस्कूलमध्ये सेमीच्या किती तुकड्या आहेत? चार वर्षं इंग्रजीत गणित केलेलं मूल पुढे 'सेमीची तुकडी भरली' म्हणून मराठी गणितात बसवलं जातं, हे दरवर्षी होतं. हायस्कूलच्या क्लार्कला विचारलं की तो खरं सांगतो.

प्रवेशाच्या वेळी

पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत मुलाची सहा वर्षं पूर्ण होत असावीत. जन्मदाखला, आधार आणि वरच्या इयत्तेसाठी शाळा सोडल्याचा दाखला न्या. आधीच्या गावचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, दाखला मागून आला तरी चालतो. पाठ्यपुस्तकं शाळेतून फुकट मिळतात, दुकानातून घ्यायची घाई नको. गणिताचं पुस्तक कोणत्या माध्यमाचं हातात पडतं ते मात्र पहिल्याच आठवड्यात बघा.

पूर्ण इंग्रजी शाळेतून सेमीत येणाऱ्या मुलाला गणित सोपं जातं आणि मराठी लिहिणं जड. जोडाक्षरं, वेलांटी, श्रुतलेखन. त्याला शिकवणीला टाकण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं मोठ्यांदा मराठी वाचायला लावा, दिवाळीपर्यंत रुळतं. दुसरी-तिसरीपर्यंत हा बदल हलका जातो. पाचवीत करायचा असेल तर वर्गशिक्षकांना आधी भेटून सांगा, म्हणजे पहिल्या घटक चाचणीच्या मराठीच्या पेपराला ते मुलाला धारेवर धरणार नाहीत. मराठी शाळेतून येणाऱ्याचं उलटं: त्याला आकडे येतात, शब्द नाहीत. मे महिन्यात बालभारतीच्या संकेतस्थळावरून आदल्या इयत्तेचं इंग्रजी माध्यमाचं गणिताचं पुस्तक फोनवर उतरवा आणि त्यातली सोडवलेली उदाहरणंच करून घ्या, नवीन धडा उघडू नका.